वेंधळेपणाचा वारसा

पोर गुणी निघालं की ते माझ्यावर गेलेलं आणि डबा शाळेत विसरून आलं की सासरच्यांवर, हा माझा सोयीचा सिद्धांत. विज्ञानानं त्यात खोडा घातलाय. लक्ष टिकत नाही, अंगात भिंगरी, तोंडाला लगाम नाही अशा ‘एडीएचडी’वर जुळ्या मुलांचे जे अभ्यास झाले, त्यांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के निघतो. तेव्हा वही हरवली म्हणून पोरावर डाफरण्याआधी आपला चष्मा कुठंय ते पाहावं. बहुधा कपाळावर असतो. माझं म्हणणं असं, की आपला निम्मा संताप पोराच्या वेंधळेपणाचा नसतोच. पालकसभेत चारचौघांसमोर आपली शोभा झाली, त्याचा असतो.

पोर हे मुद्दाम करत नाही, याचा पुरावा हवा तर अशा दहा-अकरा वर्षांच्या मुलाची कंपासपेटी उघडावी. (या विषयावर मला कुणी आवरू नये.) झाकण निसटलेलं, त्याला रबरबँड. कर्कटक आहे, त्यात खोवायची पेन्सिल नाही. पेन्सिल आहे, तिला टोक नाही. शार्पनर आहे, त्याचं पातं गायब. कोनमापक नव्वदाच्या पुढे तुटलेला, म्हणजे विशालकोनांना कायमची सुट्टी. गुण्ये दोन, पण दोन्ही सारखेच, आणि एकावर भलत्याच मुलाचं नाव. खोडरबराची मात्र कर्कटकाच्या टोकानं चाळण केलेली, तीही ओळीत, समान अंतरावर, कमालीच्या एकाग्रतेनं. तळाशी आठ घड्या घातलेली पालकसभेची चिठ्ठी, सभा होऊन गेल्यावर सापडलेली. यात उद्धटपणा कुठं दिसतो? काय करायचं ते त्याला ठाऊक असतं. ऐनवेळी ते आठवणं आणि हातातलं सोडून ते करणं जमत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी कमाल पातळीला पोचायचं वय इतर मुलांत सुमारे साडेसात, तर या मुलांत साडेदहा आढळलं. पाचवीच्या वर्गात तीन वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

‘मग मोबाइलवर बरं तासन्‌तास लक्ष लागतं?’ लागणारच. गेम दर दोन सेकंदांनी बक्षीस देतो, भागाकार देत नाही. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ होतं की. फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरानं १८४०च्या दशकातच जेवणाच्या टेबलाशी खुर्ची डोलवत सगळं ताटासकट खाली ओढणारा फिलिप रंगवून ठेवलाय. आमच्या वेळी फक्त निदान नव्हतं, छडी होती. ‘म्हणजे प्रत्येक खोडकर पोर आजारी?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासूनची लागतात, निदान सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी. शेजारच्या काकूंचं मत पुरत नाही.

चिडायला होतंच. एकच वाक्य पाचव्यांदा उच्चारताना संतांचाही आवाज चढेल. पण दिवसभर ‘लक्ष कुठंय?’ ऐकणारं पोर कधीतरी ‘मी मठ्ठच आहे’ असं अगदी शांतपणे सांगतं, तेव्हा मला विनोद सुचत नाही. तज्ज्ञ म्हणतात, एका वेळी एकच सूचना द्या, आणि जमलं की तिथल्या तिथं शाबासकी. यावर ‘ही तर लाच झाली’ असं म्हणणारे बहुधा दिवाळीच्या बोनसला हक्क म्हणतात.