छाती, पोट आणि सोळाशे मीटर

टेरिटोरियल आर्मीत अधिकारी व्हायला वयाची अट 18 ते 42 आहे. ही ओळ मी एक्केचाळिसाव्या वर्षी वाचली. पदवी हवी, पोटापाण्याचा उद्योग हवा, तो सोडायचीही गरज नाही. वर्षातले दोनेक महिने अंगावर गणवेश. देशाने ही सोय 1949 पासून करून ठेवलेली, आणि मी बँकेच्या बोरिवली शाखेत बसून लोकांचे केवायसी तपासतोय! धोनी याच सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे हे कळल्यावर तर आम्हा दोघांत फक्त क्रिकेटचाच फरक उरला.

निवड आधी लेखी परीक्षेतून होते, मग मुलाखती, मग मेडिकल. शहाण्या माणसाने अंकगणिताचं पुस्तक आणलं असतं. मी बूट आणले. अंकगणित करणारा माणूस कुणाला दिसत नाही. पहाटे साडेपाचला बूट घालून सोसायटीच्या फाटकातून निघालेला दिसतो. निदान वॉचमनला तरी. त्याने काळजीने विचारलं, "साहेब, आज दूध आलं नाही का?"

आमच्या भागातल्या बागेभोवती पळायची वाट आहे. तिथे त्या वेळी दोन जमाती असतात. पहिली आमची: तिघं-तिघं एका ओळीत चालणारी, गुडघे, सून आणि म्युच्युअल फंड या विषयांवर बोलणारी. दुसरी 'भरतीची पोरं', म्हणजे सैन्यभरतीची तयारी करणारी. ती चालत नाहीत आणि बोलत तर त्याहून नाहीत. बोललीच तर "टायमिंग किती?" एवढंच. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की 'एक्सलंट', साठ गुण. त्यापुढे पाच पंचेचाळीसपर्यंत अठ्ठेचाळीस. मग बीम, म्हणजे पुलअप्स: दहा मारले की चाळीस गुण. शिवाय नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग. त्यांना गुण नाहीत, पण जमलं नाही तर घरी. हे सगळं मला तिथल्याच एका मुलाने सांगितलं. तो मला काका म्हणायचा. भावी अधिकाऱ्याला जवानाने काय म्हणावं, हे मी त्याला दोनदा सुचवून पाहिलं.

माझ्या सोळाशेचं टायमिंगही त्यानेच घेतलं. मोबाइलकडे बघून म्हणाला, "काका, तुमचं चांगलंय. दम लागेपर्यंत तरी चांगलंच होतं." दम कुठे लागला होता ते त्याने सांगितलं नाही. मुलगा चांगल्या घरचा होता.

खरी अडचण छातीची निघाली. अग्निवीर व्हायला छाती सत्त्याहत्तर सेंटिमीटर लागते आणि श्वास भरल्यावर ती पाच सेंटिमीटरनी वाढावी लागते. ही अट त्या पोरांची, पण मी ती आपखुशीने स्वतःला लावून घेतली. सत्त्याहत्तर मी कॉलेजातच मागे टाकले होते. पण श्वास भरल्यावर जे काही वाढतं ते एक वीत खाली वाढतं.

आता छातीचा विषय निघालाच आहे तर आमच्या टेलरबद्दल सांगायलाच हवं. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाची छाती आयुष्यात एकाच माणसाने अधिकृतपणे मोजलेली असते, आणि तीही लग्नाच्या सुटासाठी. आमचे टेलर स्टेशनजवळच्या गल्लीत बसतात. माप घेतात ते आणि लिहितो कोपऱ्यातला पोरगा. त्याला ऐकू जावं म्हणून ते ओरडून सांगतात. दुकानात ब्लाउज शिवायला आलेल्या चार बायका बसलेल्या असतात. "छाती चाळीऽऽस!" इथवर आपण खुशीत. टेप खाली सरकते. आपण श्वास आत ओढतो, पोट पाठीला नेऊन भिडवतो आणि समोरच्या कॅलेंडरकडे निर्विकार बघतो. टेलर काही बोलत नाहीत. टेप तशीच धरून उभे राहतात. तिसरा मजला ओलांडून चौथ्यावर नेताना पाण्याचा ड्रम जसा जड होतो तसा तो श्वास जड होत जातो. शेवटी तेच शांतपणे म्हणतात, "सोडा साहेब. पँट तुम्हालाच घालायचीये." श्वास सुटतो. "पोट बेचाळीऽऽस!" चारही बायका एकदम आपापल्या पिशवीत काहीतरी शोधू लागतात. लष्करी डॉक्टर फुगवलेली आणि न फुगवलेली अशी दोन्ही मापं घेतात म्हणे. आमचे टेलर एकाच मापात माणूस ओळखतात. माझी एसएसबीची मुलाखत तिथेच झाली असती तर सरकारचा खर्च वाचला असता.

बायकोला मी हेतू सांगितला नव्हता. तिला वाटलं, मला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. ते मी लपवतोय असं समजून तिने महिनाभर मला दुधी घातला.

थंडी सरली तसा मी बीमपर्यंत आलो, म्हणजे बीमला लटकण्यापर्यंत. वर जाणं राहिलंच. तो मुलगा खाली उभा राहून "काका, झोका नका देऊ, झोका धरत नाहीत" म्हणायचा. झोका मी देत नव्हतो, तो आपोआप येत होता.

मग एके दिवशी त्याने त्याच्याबद्दल सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं. वडील रिक्षा चालवतात. अठराव्या वर्षी भरतीला उतरायचं ठरलेलं, तर कोविड आला आणि भरती मेळावे बंद पडले. ते बंदच राहिले. जून 2022 मध्ये अग्निवीरांची अग्निपथ योजना आली: वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम. बुडालेल्या दोन वर्षांची भरपाई म्हणून वयाची अट तेवीस केली, पण एकाच वर्षापुरती. त्या वर्षी तो मुंब्र्याच्या मैदानावर गेला. धावण्यात निघाला, बीममध्ये कमी पडला. म्हणून बीमच्या मागे लागलेला. फेब्रुवारी 2023 मध्ये नवी जाहिरात आली. जन्म 1 ऑक्टोबर 2002 किंवा त्यानंतरचा हवा. याचा जन्म सप्टेंबरचा.

हे सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशीही तो आला आणि त्याने दहा बीम मारून दाखवले. हात सरळ, झोका नाही, हनुवटी वर. मी मोजले.

मला तेव्हा जो राग आला तो अजून नीट गेलेला नाही. सैन्याला तरुण मुलं हवीत हे कळतं मला. पण हौसेखातर, फोटोखातर गणवेश घालू पाहणाऱ्या, महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाला बेचाळीसपर्यंत मुदत. ज्याचं घर त्या गणवेशावर चालायचं, त्याला एकवीस. आणि मधली दोन वर्षं त्याने नाही बुडवली.

मी फॉर्म भरला नाही. त्यात त्याग वगैरे काही नाही. अंकगणिताचं पुस्तक अजून आणलेलंच नाही. बूट मात्र वापरात आहेत, दूध आणायला बरे पडतात. तो मुलगा आता पोलीस भरतीची तयारी करतो. तिथे वयाची अट सैल आहे. सोळाशे मीटर तेच, बीम नाही, गोळाफेक आहे. सोसायटीतल्या कुणाकडे जुना गोळा असेल तर मला सांगा; त्याला सरावाला हवाय.

आणि पहाटे तुम्ही तिघं ओळीने चालत असाल आणि मागून पावलं ऐकू आली, तर म्युच्युअल फंड तेवढा थांबवून डावीकडे व्हा. मागच्याला घाई आहे.