वरून वाळलं, आतून कच्चं

"वैनी, दोरीवर एवढे काळे टी-शर्ट? छापलेले तर दिसत नाहीत."

"कोरेच आहेत काकू. गठ्ठा दमट लागला म्हणून वारा देतेय. कापडात ओल राहिली की धग आधी पाणी उडवण्यात जाते आणि शाई राहते कच्ची."

"म्हणजे ड्रायर आला वाटतं घरात!"

"कुठला येतोय! गणपती तोंडावर आलाय, मंडळांची रांग लागलीय आणि आमच्याकडे अजून तो एकेक टी-शर्ट तापवणारा फ्लॅश. ह्यांचं जेवताना-झोपताना तेच चाललंय, बेल्टवाला घेऊ का, बेल्टवाला घेऊ का."

"पण पंखा लावून वाळत नाही होय? आम्ही पावसाळ्यात तेच करतो की."

"तुमच्या साड्या वाळतील. ही प्लास्टिसोल शाई आहे, तिच्यात पाणीच नाही, तर वाळणार काय? वर्षभर टांगा, हाताला लागतच राहणार. ते शिजवावं लागतं. शाईचा थर वरपासून बुडापर्यंत साधारण 160 अंशांवर पोचला पाहिजे. नाहीतर वरून कोरडं, आतून कच्चं."

"त्या पलीकडच्या गल्लीतल्या पोरानं तालमीच्या जर्स्या छापल्या होत्या, तसंच झालं म्हणायचं."

"तुमच्याही कानावर आलं का? अहो, पहिल्याच धुण्यात पाठीवरचा 10 होता, त्याचा 1 राहिला! मॅचमध्ये एकाच टीमचे दोन एक नंबर. मग पोरगं ईर्षेला पेटलं, दुसऱ्या खेपेला धग अशी वाढवली की लाल जर्सीवरचा पांढरा आकडा गुलाबी झाला. पॉलिएस्टर ना ते. जास्त तापलं की कापडाचा रंग सुटून शाईत चढतो. त्याला कमी तापमानावर शिजणारी शाई घ्यावी लागते."

"आणि कळायचं कसं, शिजलं की नाही?"

"छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणायचा. भेगा पडल्या तर कच्चं. आणि एखादा गरम पाण्यात धुऊन बघायचा. ह्यांच्याकडं ते लाल ठिपक्याचं थर्मामीटर आहे, पण ते वरवरचंच सांगतं, आतलं नाही."

"मग फ्लॅश काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो. दोन रंगांमध्ये पहिला रंग जरा धरायला त्याच्यासारखा तोच. पण पूर्ण शिजवायचं म्हटलं की एकेका टी-शर्टपाशी उभं राहायचं, आणि मध्येच पोरानं दप्तर कुठं ठेवलं विचारलं तर संपलं, करपलाच. पाच-दहा नग असले तर हीट प्रेसही चालतो, वर टेफ्लॉनचा कागद टाकून. प्रिंटला जरा चकाकी येते, एवढंच."

"मग घ्या की बेल्टवाला. उद्यमनगरात एकानं जुनं मोठं मशीन स्वस्तात उचललं म्हणे."

"उचललं खरं! थ्री फेजचं निघालं, आणि ह्याच्या शेडला सिंगल फेज मीटर. आता ताडपत्रीखाली पडलंय, आत मांजर व्यालीय. स्वस्तात मिळालं म्हणून गावभर सांगत होता, आता विषय काढला की चहा घ्या म्हणतो. मी ह्यांना म्हटलं, आधी मीटर बघा, वायर बघा, मग किंमत विचारा. आमच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर फार तर तीन किलोवॅटचं चालेल, तेही शेजारी दुसरं काही न लावता."

"छोट्या मशीनवर एवढी ऑर्डर निघेल का पण?"

"हिशेब करा ना. तीन फूट लांबीचा भट्टीचा भाग, आत एक मिनिट राहायला हवं. म्हणजे पट्टा मिनिटाला तीन फूट सरकणार, तासाला 180. एका टी-शर्टला मागचीपुढची जागा धरून अडीच फूट. सत्तरच्या आसपास निघाले तासाला. आम्ही दोघं हातानं छापतो, मल्टीकलर असलं तर तेवढे तर छापतही नाही! मग मोठं मशीन कशाला? शेजारी बघायला येतील म्हणून?"

"मी तर येईनच."

"तुम्ही यालच. फक्त पाण्याच्या शाईवर गेलो तर गणित बिघडतं. तिथं आधी पाणी उडायचं, मग पक्कं व्हायचं, दोन-तीन मिनिटं तरी लागतात. आणि नुसती धग पुरत नाही, आत वारा खेळता हवा. बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये तो पंखाच नसतो, नुसते इन्फ्रारेड दिवे. विकणारा ते आपणहून थोडाच सांगणार?"

"मग ठरलं काय?"

"इचलकरंजीला एक छोटं, वापरलेलं आहे. ह्यांना सांगितलंय, आपला टी-शर्ट आपल्याच शाईनं छापून घेऊन जा, त्याच मशीनमधून काढा, तिथंच ताणून बघा. पट्ट्याच्या मधोमध एक आणि दोन्ही कडांना एकेक. कडेला धग कमी असली की तिथंच सापडतं."

"आणि भाव?"

"भाव ह्यांना कधी जमलाय का? पहिल्याच आकड्याला मान डोलावतात."

"कधी जाताय? मी येते. माझी बहीण राहते तिकडं, तिला भेटणंही होईल. तुम्ही टी-शर्ट ताणा, माणसाला मी ताणते."