पाऊण मीटरचं बिऱ्हाड

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचं बोलणं भावापासून सुरू होतं आणि भावापाशीच संपतं. ओलावा किती, डागी किती, काटा कधी होणार. दाण्याच्या पोटात काय आहे याची चौकशी तेलवाल्याखेरीज कुणी करत नाही. मला मात्र हल्ली तोच नाद लागलाय.

2010 साली सोयाबीनचा जीनोम वाचून झाला. गुणसूत्रं 40, जनुकं 46 हजारांच्या वर. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर पाऊण मीटर भरतो, आणि तो नांदतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढ्या केंद्रकात. बरं, नुसता कोंबलेला नाही. आठ हिस्टोन प्रथिनांची एक गुंडी, तिच्याभोवती 147 अक्षरजोड्यांचे पावणेदोन वेढे, मग पुढची गुंडी, अशी ओळच ओळ.

हे सगळं शेजारच्या काकांना रंगवून सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “एवढं गुंडाळल्यावर मंग ते वाचते कोन न् कवा?”

प्रश्न बिनतोड होता. मला कारंजा लाडची जैन ग्रंथभांडारं आठवली. हस्तलिखित पोथी म्हणजे सुटी पानं, खालीवर पुठ्ठे किंवा फळ्या, त्यावर कापडाचं वेष्टन आणि करकचून बांधलेली दोरी. पुष्पदंतांचं दहाव्या शतकातलं ‘जसहरचरिउ’ 1931 साली कारंज्याच्याच जैन ग्रंथमालेत छापून आलं. तोवर अशा रचना बहुतांशी वेष्टनातच. पोथी शाबूत, पण गाठ सुटेपर्यंत मुकी. केंद्रकातही तसंच. सोयाबीनचा निम्म्याहून जास्त डीएनए गुणसूत्रांच्या मधल्या भागात घट्ट आवळून ठेवलेला. जनुकांपैकी 78 टक्के मात्र टोकांकडे, जिथे गाठ सैल. मुळाला हवं ते मूळ उकलतं, पानाला हवं ते पान. बाकीचं बासनात.

जागाही ठरलेल्या. प्रत्येक गुणसूत्राचा आपला इलाखा असतो, असा तर्क ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल राब्ल यांनी 1885 मध्येच केला होता. तो पटायला पुढं जवळजवळ शंभर वर्षं गेली. माणसाची 18 आणि 19 क्रमांकाची गुणसूत्रं आकारानं सारखीच. पण 19 वर जनुकांची गर्दी, म्हणून ते मध्यभागी. 18 वर तुरळक, म्हणून ते भिंतीकडे. पंगतीत मान कुणाचा, हे बहुधा तिथूनच ठरत आलेलं असावं.

रिवाज असा की घट्ट माल कडेला, सैल मध्ये. तो मोडला उंदरानं. त्याच्या डोळ्यातल्या, अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशींत घट्ट माल मधोमध असतो. त्यामुळे केंद्रक बारीक भिंगासारखं वागतं आणि प्रकाश कमी विखुरतो. जन्मलेल्या पिल्लाची मांडणी चारचौघांसारखीच असते, ती काही आठवड्यांत उलटते. म्हणजे रात्री गोदामात आमचं सोयाबीन पळवणारा हा प्राणी त्यासाठी केंद्रकापासून तयारी करून येतो. आणि आम्ही त्याच्यापुढं ठेवतो पिंजरा, त्यात शिळी भाकर.