पुरेल की!

मा. अनुभवी वैमानिक महोदय,
मु. पो. चार सीटांचं विमान, अमेरिका

स. न. वि. वि.

हजारो तास उडालेल्या माणसाला पत्र लिहायचं धाडस करतो आहे. निमित्त अभिनंदनाचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये एक इशारापत्रक काढलं. इंधनाच्या ढिसाळ हिशेबापायी तिथे २०११ ते २०१५ या काळात छोट्या-खासगी विमानांचे वर्षाला सरासरी ५०हून जास्त अपघात झाले. त्यातले जवळजवळ निम्मे वैमानिक कमर्शियल किंवा त्याहून वरच्या परवान्याचे. आणि शिकाऊ? जेमतेम २ टक्के. बिचारे अजून भितात. पंखाशी चढतात, झाकण उघडतात, निळसर पेट्रोलात काठी बुडवतात, आकडा वहीत टिपतात. आपण काट्याकडे ओझरतं बघता आणि म्हणता, ‘पुरेल की!’

आता थोडा हिशेब. कंटाळा आला तर सोडून द्या, सवय आहेच. ११० नॉटने जाणारं विमान ३३० नॉटिकल मैल तीन तासांत कापतं. ताशी ३५ लिटर धरले तर १०५ लिटर. वर नियमाची शिल्लक दिवसा अर्ध्या तासाची, रात्री पाऊण तासाची. दिवसाचे साडेसतरा लिटर घेऊन आपण निघालात. समोरून २५ नॉटचा वारा लागला. साडेतीन तासांनी शिल्लकही संपली आणि धावपट्टी अजून ३२ मैल लांब! वाटेत उतरून टाकी भरता आली असती, पण घरच्यांना ‘सहापर्यंत पोचतो’ सांगून बसलात ना.

आमच्याकडे स्कूटर बंद पडली की एका अंगावर कलती करून पुन्हा किक मारत. विमानात ती सोय नाही. उलट टाकी तळाला गेलेली असताना विमान तिरकं घसरवत उतरवलं, तर उरलंसुरलं पेट्रोल नळीच्या तोंडापासून दूर सरकू शकतं.

गायक जॉन डेन्व्हरही मुरलेले, २७०० तासांहून जास्त उडालेले. १२ ऑक्टोबर १९९७ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथून त्यांनी नवीनच घेतलेलं लाँग-ईझी विमान काढलं. ते बांधणाऱ्याने टाकी बदलायचा खटका आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. पेट्रोल किती आहे तेही पाठीमागेच दिसायचं. म्हणून मेकॅनिकने आरसा दिला. भरून देऊ का? नको, तासभरच उडणार आहे. चौकशीत निघालं ते असं, की खटक्यापर्यंत पोचायला अंग वळवताना नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि विमान समुद्रात कोसळलं. खटका भलत्या जागी होता, मान्य. पण टाक्या भरलेल्या असत्या, तर त्या तासाभरात त्याला हात लावायची वेळ बहुधा आली नसती.

असो. आपण सुज्ञ आहात. लोभ असावा.

आपला नम्र,
मागच्या सीटवरचा प्रवासी

ता. क. : शनिवारी मला न्यायला येताना मोजायची काठी आणा, आणि ती आपल्याच मॉडेलची आणा. दुसऱ्या विमानाच्या काठीवरच्या खुणा इथे खोटं बोलतात. विसरलात तर मी बसने येतो.