बिननंबरी

भिलाईत नंबर नसलेली वस्तू सापडणं कठीण. कारखान्यात वितळलेल्या पोलादाच्या प्रत्येक खेपेला हीट नंबर. रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण, वजन, महिना आणि साल उठवलेलं. माणसंही त्याच मापात. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून इथला माणूस सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर आणि पर्सनल नंबर या चार गोष्टींवर ओळखला जातो. आडनाव लग्न जमवताना विचारतात.

अशा गावात, स्मृति नगरच्या आमच्या गल्लीत, निवृत्त फोरमनकाकांनी एक बिननंबरी वस्तू तयार केली. चारचाकी गाडी. चौकोनी पाइपची चेसिस स्वतः वेल्डिंग करून बनवली, इंजिन भंगारातून आणलं, सीट जुन्या सोफ्याची. चालते झकास. फक्त फाटकाबाहेर जात नाही.

"नंबरच हवा ना? ठोकून टाकतो," असं म्हणून काकांनी पंचांची पेटी आणली. आकड्यांच्या पेटीत पंच नऊच असतात. सहाचा उलटा धरला की नऊ होतो. काटकसरीचं असं उदाहरण अर्थसंकल्पातही सापडायचं नाही. पहिला घाव थेट पाइपवर घातला, तर अंक राहिला बाजूला आणि पाइपला पोचा पडला. मग जाड पट्टी वेल्ड केली. घाव एकच आणि सरळ हवा. दुसरा घातला की तीनाचा आठ दिसायला लागतो.

प्रश्न आला की ठोकायचं काय? गाडीचा ओळख क्रमांक सतरा अक्षरांचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं चालत नाहीत, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. काकांना अभिमानाने 'भिलाई' घालायचं होतं, त्यात दोन आय. 'स्मृति'तही दोन. 'पुणे' मात्र इंग्रजीत चारही अक्षरांनिशी चपखल बसतं. पुण्याचं काही अडतच नाही.

सगळं ठोकून, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि तो छाप नोंदणीच्या फॉर्म २० वर चिकटवून काका आरटीओ कार्यालयात गेले. खिडकीतून विचारणा झाली, "बनाया किसने?" काका म्हणाले, "मैंने." खिडकीने संगणकातली उत्पादकांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यात काका नव्हते. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, तो विक्रेत्याचा हवा. काकांनी स्वतःला गाडी विकायची तयारी दाखवली, पण घासाघीस कोण करणार?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२२ सांगतो की चेसिस नंबर उत्पादकाने उठवावा. नियम १२६ सांगतो की उत्पादकाने आधी नमुना तपासून घ्यावा. ही तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे. प्रवासी मोटारीच्या धडक चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटरने ठोकळ्यावर आदळतात, तीही रुंदीच्या चाळीस टक्के भागावर. कंपन्यांकडे अशा ढीगभर गाड्या असतात. काकांकडे एकच. म्हणजे ती सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं तर चुराडा करायचा, आणि मग मंजुरी मिरवायची ती चुराड्यावर.

यातून सुटलेला एक माणूस महाराष्ट्राने पाहिलाय. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी साधारण साठ हजारांत, भंगाराच्या सुट्या भागांतून, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ती नियमांत बसत नाही हेही त्याच दमात सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात अदलाबदल झाली. लोहारांना सतरा अक्षरी नंबरची गाडी मिळाली, त्यांची बिननंबरी कंपनीकडे गेली. एका माणसासाठी ही पद्धत छानच. पण घरी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने उद्योगपतीच्या नजरेस पडायची वाट पाहायची, तर तेही नियमावलीत छापायला हवं. विलायतेत घरी बांधलेल्या एकट्या गाडीची वेगळी तपासणी होते, सरकार नंबर देतं आणि मालक तो चेसिसवर ठोकतो. गाडीचं वय ठरत नसेल तर पाटीची सुरुवात 'क्यू'ने. म्हणजे आपण वगळलेलं अक्षरही तिथे कामाला लावलंय!

आपल्याकडे पंच आणि हातोडा जोरात चालतो तो चोरबाजारात. ग्राइंडरने जुना नंबर घासायचा, नवा ठोकायचा. तिथे फॉर्म लागत नाही. पण पोलाद बेरकी असतं. घाव बसतो तिथे वरचा अंक घासला तरी खालचा धातू दाबलेलाच राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर आम्ल लावलं की जुना आकडा पुन्हा डोकं वर काढतो. चोराचा नंबर जाता जात नाही, काकांचा येता येत नाही.

काकांनी शेवटी कायदाच वाचायला घेतला. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम २, उपकलम २८. बॉडी न चढवलेली नुसती चेसिससुद्धा मोटार वाहनच, हे वाचून ते हिरमुसले. पुढच्या ओळीवर उडालेच. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास प्रकारची गाडी या व्याख्येत येतच नाही!

"म्हणजे प्लांटमध्ये चालवता येईल," काका म्हणाले.

काकूंनी आठवण करून दिली की गेटपास निवृत्तीच्या दिवशीच जमा केलाय. शिवाय गाडी कुठल्याही कारखान्याच्या आत न्यायची तर तिचाही पास लागतो, आणि त्या फॉर्मात पहिला रकाना गाडीच्या नंबरचा.