बोनसवाले भाऊ

आमच्या नवघर रोडवर भाऊंइतकी जपून गाडी चालवणारा दुसरा माणूस नाही, असं भाऊंचं स्वतःचं मत आहे. बसले की आधी डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार, मग पट्टा, मग शेजारच्यालाही दम, "पट्टा लाव रे, जिवाशी खेळ नको." एवढं झालं की फोन. तोही कानाला नाही, तर चहात बुडवायची खारी धरावी तसा तोंडासमोर. "बोल बोल, गाडीतच आहे." गाडीत ब्लूटूथ आहे, पण "त्यात बोलल्यासारखं वाटत नाही."

गोल्डन नेस्टच्या सिग्नलला पांढरा शर्ट दिसला की फोन मांडीवर उतरतो. पलीकडचा मांडीतून "हॅलो, हॅलो" करत राहतो. हातात फोन धरून चालवणं २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये गेलं, दंड १,००० ते ५,०००, वर तुरुंगही होऊ शकतो, हे भाऊच इतरांना सांगतात.

त्यांचा खरा जीव गाडीच्या विम्यातल्या एनसीबीत, म्हणजे नो क्लेम बोनसमध्ये. पाच वर्षं क्लेम नाही, म्हणून ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट. एक क्लेम केला की शून्य! त्यामुळे केबिन रोडला रिक्षाला मागून टेकले ("त्याने अचानक ब्रेक मारला"), तो बंपर खिशातून. फाटक रोडला आरसा गेला, तोही खिशातून. दोन्ही वेळा बोलणं अर्धवट राहिलं याचीच हळहळ. वहिनींनी एकदा गॅरेजची बिलं पॉलिसीशेजारी मांडली. भाऊ म्हणाले, "पण बोनस शाबूत आहे ना?" हिशेबाला माणूस पक्का, फोन तेवढा कधी खर्चात धरला नाही.

परवा काशिमीऱ्याला हायवेला लागताना विमा एजंटचा फोन आला. भाऊंनी घासाघीस सुरू केली. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, तिथे इलाज नाही. मग एजंट म्हणाला, "२०२२ पासून एक सोय आहे. गाडी कशी चालवता, त्यावर प्रीमियम."

"मग मला कंपनीनेच पैसे द्यायला हवेत!"

"काहींचं अ‍ॅप असतं, भाऊ. ब्रेक किती जोरात मारता, चालवताना फोन घेता का, सगळं टिपतं."

भाऊंनी करकचून ब्रेक मारला. पट्टा होता म्हणून माझं नाक राहिलं.

"फोनच चहाडी करणार? राहू दे. जुनीच पॉलिसी पुढे चालू ठेव."

"बरं. आत्ता गाडी नाही ना चालवत?"

"छे! घरी आहे. सोफ्यावर."

"तीनशे मीटरवर यू-टर्न घ्या," डॅशबोर्डवरच्या मॅपमधली बाई म्हणाली.

"वहिनींना नमस्कार सांगा," एजंट म्हणाला.