दहा हजारांची भानगड

ऐकलंत का? आपल्या सोसायटीतल्या चांगल्या घरच्या बायका रात्री साडेअकराला गाऊनवर हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फिरतात! मनगटावरच्या घड्याळातला पावलांचा आकडा ९,६०० वर अडकलेला असतो आणि बाराच्या ठोक्याला सगळं शून्य. खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघत पडलेले.

पुरुषांचं तर बोलूच नका. सी विंगमधले आजोबा, अख्खी हयात बँकेत गेली, पैशाचा हिशेब कधी चुकला नाही. ते आता घड्याळ नातवाच्या मनगटाला बांधून त्याला क्रिकेटला पिटाळतात. आणि एकीच्या घरी कणीक हल्ली फार मऊ का असते, तेही कळलं. घड्याळ हातात घालून तिंबली की पावलं वाढतात म्हणे!

बरं, रोज दहा हजार पावलांचा हा फतवा काढला कोणी? कुठल्या डॉक्टरनं? छे हो! १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानात व्यायामाची हवा पसरली आणि १९६५ ला तिथल्या यामासा कंपनीनं कमरेला लावायचं, पावलं मोजणारं यंत्र याच आकड्याच्या नावानं बाजारात आणलं. आकडा गोंडस होता, चिकटला. एका जपानी दुकानदारीपायी आमच्या काकूंचे गुडघे गेले! २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून जास्त वयस्क बायकांचा अभ्यास छापून आला. त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडेना. पण हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची सोय नाही, लोक अंगावर येतात.

खरा कहर केला तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी. १ जानेवारीला सगळे दहा हजारांच्या शपथा घेत होते आणि या बाई आठवडाभर नुसत्या मोजत बसल्या. रोजची ३,००० भरली, तर लक्ष्य किती ठेवावं? ४,०००! आणि ते चारचौघांत सांगितलंसुद्धा. भाजीला जायची रिक्षा सोडली, पावसाळ्यात पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी ८,००० चालून प्रायश्चित्त घ्यावं की नाही माणसानं? नाही! पुन्हा ४,०००च. अंगवळणी पडलं की मग हळूच पाचशे वाढवायचे. काय हा निगरगट्टपणा!

शपथवाल्यांपैकी निम्मे होळीच्या आत गारद झाले, उरलेले आंब्यांच्या दिवसांत. तरी परवा ग्रुपवर मागणी आलीच: वहिनींना काढा, त्यांच्यामुळे सोसायटीची सरासरी खाली येते. ॲडमिननं हिशेब काढला. जूनपासून रोज आकडा टाकणाऱ्या त्या एकट्याच, सरासरीही त्यांचीच.